काटा : आयझॅक मर्फी आणि १८९०चा उन्हाळा

२८ ऑगस्ट १८९०. न्यू जर्सीतल्या मॉन्मथ पार्क मैदानावर साल्व्हेटर नावाचा चार वर्षांचा घोडा घड्याळाशी शर्यत लावून धावला. सरळ धावपट्टी, अंतर एक मैल, वेळ १ मिनिट ३५½ सेकंद. पुढची अठ्ठावीस वर्षं हा विक्रम कुणाला मोडता आला नाही. १९१८ साली रोमर या घोड्यानं तो मोडला. त्या दिवशी साल्व्हेटरवर मार्टी बर्गन हा जॉकी होता. खरं तर ती जागा आयझॅक मर्फीची. दोनच महिन्यांपूर्वी याच घोड्यावर बसून त्यानं अमेरिकेतली त्या काळची सर्वांत गाजलेली शर्यत जिंकली होती. पण विक्रमाच्या दोन दिवस आधी, २६ ऑगस्टला, याच मैदानावर तो फिरेंझी या घोडीवर सर्वांत शेवटी आला, शर्यत संपल्यावर खोगिरावरून खाली घसरला आणि दारू पिऊन घोड्यावर बसल्याचा ठपका ठेवून त्याला निलंबित करण्यात आलं.

हे प्रकरण मी त्या एका दिवसापासून उलगडणार आहे. मर्फीबद्दल इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि त्यातल्या बहुतेकांत २६ ऑगस्ट हा चंद्रावरचा डाग म्हणून येतो. मला मात्र वाटतं की या माणसाची सगळी कारकीर्द समजून घ्यायची किल्ली त्या दिवसातच आहे. ती बाटलीत शोधण्यापेक्षा वजनकाट्यावर शोधावी.

केंटकीचा पोरगा

आयझॅक बर्न्स जन्मला तो अमेरिकन यादवी युद्धाच्या तोंडावर, १८६१ च्या जानेवारीत, केंटकीत, गुलामगिरीत. वडील संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यात कृष्णवर्णीयांच्या पलटणीत भरती झाले आणि कॅम्प नेल्सनच्या छावणीत वारले. आई (तिचं नाव अमेरिका) मुलाला घेऊन लेक्सिंग्टनला आपल्या वडिलांकडे, ग्रीन मर्फी यांच्याकडे आली आणि लोकांचे कपडे धुऊन घर चालवू लागली. ज्यांचं धुणं ती करायची त्यांत ओविंग्स नावाचे एक गृहस्थ होते, आणि ओविंग्सची एका रेसिंग पागेत भागीदारी होती. अंगानं किरकोळ असलेल्या या पोराचा पागेत शिरकाव झाला तो असा. तिथे एलाय जॉर्डन या कृष्णवर्णीय ट्रेनरनं त्याला हाताखाली घेतलं. पुढे आयझॅकनं आजोबांचं आडनाव लावलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. केंटकीत घोडा सांभाळणं, त्याला फिरवणं, शिकवणं आणि शर्यतीत पळवणं ही सगळी कामं गुलामगिरीच्या काळापासून कृष्णवर्णीय माणसं करत आली होती. युद्ध संपलं, माणसं कागदोपत्री मोकळी झाली, तरी हे कौशल्य त्यांच्याच हातात राहिलं. १७ मे १८७५ ला लुइव्हिलला पहिली केंटकी डर्बी धावली, तेव्हा १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते. जिंकलेल्या अ‍ॅरिस्टायडीजचा जॉकी ऑलिव्हर लुइस कृष्णवर्णीय होता आणि ट्रेनर अ‍ॅन्सेल विल्यम्सनही. पहिल्या २८ डर्बींपैकी १५ कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या. तेव्हा मर्फी हा चमत्कार म्हणून एकटा आभाळातून पडला नव्हता. एका भरल्या घराचा तो थोरला होता.

१८७९ मध्ये, अठराव्या वर्षी, फॉल्सेटोवर बसून तो केंटकी डर्बीत दुसरा आला. त्याच वर्षी सारातोगाला फॉल्सेटोवरच त्यानं ट्रॅव्हर्स आणि केनर या दोन्ही शर्यती मारल्या. सट्टेवाल्यांनी घोडा मागे ओढण्यासाठी त्याला पैसे देऊ केले आणि त्यानं ते नाकारले, असं तेव्हापासून सांगितलं जातं. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल रेसच्या जगात कधी दुमत नव्हतं, हे या प्रकरणात पुढे महत्त्वाचं ठरतं.

१८८४ हे त्याचं वर्ष. एकाच हंगामात लुइव्हिलला केंटकी डर्बी, केंटकी ओक्स आणि क्लार्क या तिन्ही मोठ्या शर्यती त्यानं जिंकल्या. डर्बीतला त्याचा घोडा बुकॅनन तोवर एकही शर्यत जिंकलेला नव्हता आणि भलताच बिथरणारा होता. आधीच्या शर्यतीत त्यानं इतका धिंगाणा घातला होता की मर्फी डर्बीत त्याच्यावर बसायलाच तयार नव्हता. निलंबनाचा धाक दाखवून त्याला बसवलं गेलं. तो बसला, आणि त्या घोड्याला त्यानं त्याच्या आयुष्यातला पहिला विजय मिळवून दिला.

शिकागोच्या वॉशिंग्टन पार्कवर तेव्हा अमेरिकन डर्बी सुरू झाली होती. बक्षिसाच्या रकमेत ती केंटकी डर्बीच्या वरचढ होती. मर्फीनं ती १८८४ ला मॉडेस्टीवर, १८८५ ला व्होलांटेवर, १८८६ ला सिल्व्हर क्लाउडवर आणि १८८८ ला एम्परर ऑफ नॉरफोकवर जिंकली. यातले शेवटचे तीन घोडे कॅलिफोर्नियाच्या 'लकी' बाल्डविनचे. बाल्डविन त्याला वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास देत असल्याचं सांगितलं जाई. गुलामगिरीत जन्मलेला मुलगा पंचविशीत देशातल्या सर्वांत जास्त कमावणाऱ्या खेळाडूंपैकी एक झाला होता. लेक्सिंग्टनला ईस्ट थर्ड स्ट्रीटवर त्यानं मोठं घर घेतलं. त्याच्या छतावरून रेसचं मैदान दिसे.

हात न हलवता

मर्फी कसा बसायचा, हे कळल्याशिवाय साल्व्हेटरची शर्यत कळत नाही.

आज महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जॉकी घोड्याच्या मानेवर ओणवा, गुडघे पोटाशी घेऊन दिसतो. ती बैठक अमेरिकेत रुळली ती मर्फीच्या शेवटच्या वर्षांत आणि त्यानंतर. मर्फीच्या काळी रिकिबी लांब असत, जॉकी ताठ बसे. शर्यत सुरू करायला आजच्यासारखं फाटक नव्हतं. घोडे घोळक्यानं पुढे यायचे आणि निशाण पडलं की सुटायचे. सगळं काम मांड, हात आणि डोकं यांच्यावर. मर्फीची मांड पक्की होती. चाबूक तो क्वचितच उचलायचा आणि टाचही जपून लावायचा. त्याच्या डोक्यात जणू घड्याळ होतं. पुढचे घोडे आत्ता किती जोरात पळताहेत, हा वेग त्यांना शेवटपर्यंत झेपणार आहे का, आपल्या घोड्यात किती दम उरलाय, हा हिशेब तो धावतानाच करायचा. मग जिंकायला लागेल तेवढंच खर्च करायचं, फुटकी कवडीही जास्त नाही. म्हणून त्याच्या शर्यती एका नेकनं किंवा एका हेडनं, म्हणजे घोड्याच्या मानेएवढ्या किंवा डोक्याएवढ्या अंतरानं, संपत आणि पैज लावणाऱ्यांचा जीव टांगणीला लागे. पण घोडा धड घरी येई आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पळायला तयार असे. मालक त्याला पैसे मोजत ते याच हिशेबासाठी.

१७ जून १८९० ला ब्रुकलिनच्या शीप्सहेड बे मैदानावर सबर्बन हँडिकॅपमध्ये जेम्स बेन अली हॅगिन यांचा साल्व्हेटर मर्फीनं पहिला आणला. टेनी हा पाठीला बाक असलेला घोडा तिसरा आला. त्याच्या मालकाला, डेव्हिड पल्सिफर यांना हे पचलं नाही. त्यांनी थेट आव्हान दिलं : दोनच घोडे, सव्वा मैल, प्रत्येकी ५,००० डॉलर. तारीख ठरली २५ जून. टेनीवर एडवर्ड गॅरिसन. तो मर्फीच्या अगदी उलट वळणाचा. मागे राहायचं आणि शेवटच्या टप्प्यात चाबकाचा पाऊस पाडत मुसंडी मारायची, ही त्याची ख्याती. अगदी अखेरच्या क्षणी जिंकण्याला इंग्रजीत आजही 'गॅरिसन फिनिश' म्हणतात ते याच्यावरूनच. त्यात एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय, हेही बघणाऱ्यांच्या डोळ्यांतून सुटलेलं नव्हतं.

मर्फीनं साल्व्हेटरला सुरुवातीलाच पुढे काढलं आणि पुढेच ठेवलं. शेवटच्या वळणानंतर टेनी भराभर अंतर कापू लागला. गॅरिसन हातपाय झाडत, चाबूक फिरवत येतोय आणि पुढे मर्फी पुतळ्यासारखा बसलाय, त्याचे हात घोड्याच्या मानेशी स्थिर, असं वर्णन त्या काळच्या लेखनात मिळतं. साल्व्हेटर जेमतेम अर्ध्या हेडनं जिंकला. वेळ २ मिनिटं ५ सेकंद, त्या अंतरासाठी अमेरिकेतली तोवरची सर्वांत वेगवान. जॉन हेमेंट या छायाचित्रकारानं टिपलेलं त्या शेवटाचं छायाचित्र आजही पाहायला मिळतं. मी ते कित्येकदा पाहिलंय. दर वेळी नजर मर्फीच्या हातांवरच जाते.

मराठीत अशा झुंजीला काट्याची टक्कर म्हणतात. मर्फीला मात्र दर शर्यतीआधी आणखी एका काट्याशी टक्कर द्यावी लागे.

दुसरा काटा

हँडिकॅप शर्यतीत प्रत्येक घोड्याला वजन ठरवून दिलेलं असतं. त्यात जॉकी आला, खोगीर आलं. जॉकी हलका असला तर शिसं भरून वजन पुरं करता येतं. तो जड असला तर काही इलाज नाही. शर्यतीआधी वजन होतं, शर्यतीनंतर पुन्हा होतं. महालक्ष्मीच्या रेसकार्डावर घोड्याच्या नावापुढे किलोचे आकडे छापलेले असतात. आपण ते घोड्याची ताकद जोखायला वाचतो. तो आकडा गाठण्यासाठी एखाद्या माणसानं सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नसेल, हे सहसा आपल्या मनात येत नाही.

मर्फी लहानखुरा होता तो पोरवयात. तिशीकडे झुकताना त्याचं अंग भरलं. हिवाळ्यात शर्यती बंद असत तेव्हा त्याचं वजन १४० पौंडांच्या घरात, म्हणजे ६३-६४ किलोपर्यंत जाई. वसंतात हंगाम सुरू झाला की ते ११० पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण ५० किलोवर आणावं लागे. दर वर्षी १३-१४ किलो, काही आठवड्यांत. वजन उतरवण्याच्या त्या काळच्या रीती ठरलेल्या होत्या : अंगावर लोकरीचे थरावर थर चढवून मैलोन् मैल चालणं, वाफेच्या खोलीत घाम काढणं, जुलाब घेणं आणि जवळपास न जेवणं. पोटात अन्न नसताना अंगात तरतरी यावी म्हणून शॅम्पेनचे दोन घोट घेणं ही जॉकींमध्ये सर्रास चालणारी गोष्ट होती. अशा शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात, रक्तातली साखर उतरलेली असते. उठून उभं राहिलं तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यावर थोडी दारू आणि ऑगस्टचं ऊन.

अमेरिकेतली वर्तमानपत्रं मर्फीला 'कृष्णवर्णीय आर्चर' म्हणत. फ्रेड आर्चर हा इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ जॉकी. ८,०८४ शर्यतींत २,७४८ विजय. आर्चर उंच होता आणि वजनाशी त्याचं जन्माचं वैर. १८८६ च्या शरद ऋतूत सेंट मिरिन या घोड्यावर बसता यावं म्हणून त्यानं उपास करकरून शरीर पोखरलं. पुढे तापानं आजारी पडला आणि नोव्हेंबरमध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, भ्रमाच्या भरात त्यानं स्वतःवर गोळी झाडली. सगळं इंग्लंड हळहळलं. वजन उतरवण्याच्या पायी गेला, असं लोक उघड म्हणाले.

मर्फीला आर्चरचं नाव मिळालं, पण ती समजूत त्याच्या वाट्याला आली नाही.

२६ ऑगस्ट

फिरेंझी ही हॅगिन यांचीच घोडी. तिच्या नावावर ८२ शर्यतींत ४७ विजय आहेत. मॉन्मथ हँडिकॅपमध्ये लोकांचा पैसा तिच्यावर होता. मर्फी मैदानात आला तेव्हाच तो नेहमीसारखा दिसत नव्हता. घोडीवर त्याचा ताबा नव्हता आणि ती सगळ्यांच्या मागे राहिली. शर्यत संपली आणि जगातली सर्वांत पक्की मांड सुटली. कारभाऱ्यांनी त्याला तिथल्या तिथे निलंबित केलं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तो दारुड्या ठरला.

त्यानं स्वतः हे कधी मान्य केलं नाही. आपल्याला बरं नव्हतं, आपल्या पिण्यात कुणीतरी काही घातलं असावं, असं त्याचं म्हणणं होतं. रेसच्या सट्ट्यात लाखोंची उलाढाल असलेल्या त्या जगात ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्यानंतर तो बराच काळ आजारी राहिला. साल्व्हेटरच्या विजयाप्रीत्यर्थ त्याच महिन्यात झालेल्या मेजवानीचं एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात गोऱ्या मंडळींच्या घोळक्यात मर्फी बसलेला दिसतो. पुढे हेच छायाचित्र तो पीत असल्याचा पुरावा म्हणून दाखवलं गेलं. तिथे जमलेल्या बाकी कुणाच्या कामावर मात्र त्या मेजवानीचं खापर फुटलं नाही.

माझं मत असं आहे. दारू, विष आणि उपासमार ही तीन स्पष्टीकरणं नेहमी एकमेकांसमोर उभी केली जातात. पहिल्या दोन्हींना तिसऱ्याचा आधार लागतो. धडधाकट, पोटभर जेवलेला माणूस दोन पेल्यांनी खोगिरावरून पडत नाही. १४० चा ११० झालेला माणूस पडू शकतो. एका रात्रीत बेवडा व्हावा इतका मर्फी कच्चा नव्हता. पंधरा वर्षांची शिस्त त्याच्या पाठीशी होती आणि दोन महिन्यांपूर्वीच देशानं त्याचे स्थिर हात पाहिले होते. आजारी पडल्याची शंका घ्यायला इतकं पुरेसं होतं. ती घेतली गेली नाही, याला त्याच्या कातडीचा रंग कारण होता असं मी समजतो. एका कृष्णवर्णीय माणसाची मिळकत, बंगला, मानमरातब ज्यांना खुपत होता त्यांना २६ ऑगस्टनं आयतं निमित्त दिलं.

त्यानंतर

तो संपला नाही, हे आधी सांगायला हवं. १८९० च्या मे महिन्यात, म्हणजे या सगळ्याच्या आधी, चिखलानं भरलेल्या लुइव्हिलच्या मैदानावर त्यानं रायलीला डर्बी जिंकून दिली होती. निलंबनाच्या पुढच्याच वसंतात, १३ मे १८९१ ला, किंगमनवर त्यानं पुन्हा डर्बी मारली. सलग दोन डर्बी जिंकणारा आणि एकूण तीन जिंकणारा तो पहिला जॉकी. तीनचा आकडा दुसऱ्या कुणी गाठायला पुढे १९३० उजाडावं लागलं (अर्ल सँडे) आणि चौथी जिंकायला १९४८ (एडी आर्काॅरो).

किंगमनची ती डर्बी वेगासाठी कुणी आठवत नाही. चारच घोडे होते, आणि पुढे कुणी जायचं नाही असाच जणू सगळ्यांना आदेश असल्यासारखे ते रमतगमत निघाले; दीड मैलाला २ मिनिटं ५२¼ सेकंद लागले. मला ती वेगळ्या कारणासाठी मोलाची वाटते. किंगमनचा ट्रेनर आणि भागीदार मालक डडली अ‍ॅलन हाही कृष्णवर्णीय होता. जिंकलेला घोडा, त्याला घडवणारा आणि त्याच्यावर बसणारा, यांत त्या दिवशी एकही उसना हात नव्हता.

मग मात्र मोठ्या पागांची बोलावणी कमी होत गेली आणि विजय आटले. वजन काही ऐकेना. मर्फीनं स्वतःचे घोडेही पळवून पाहिले. १२ फेब्रुवारी १८९६ ला, वयाच्या ३५ व्या वर्षी, लेक्सिंग्टनला न्यूमोनियानं तो गेला. दर वसंतात पिळून काढलेल्या शरीरात त्या हिवाळ्याशी झगडायला किती त्राण उरलं असेल? त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्लेसी खटल्यात गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे डबे वेगळे ठेवण्यावर शिक्कामोर्तब केलं. रेसकोर्सवर कायद्याचीही गरज पडली नाही. गोऱ्या जॉकींनी कृष्णवर्णीयांना कुंपणाशी दाबायचं, मालकांनी त्यांना घोडे द्यायचं थांबवायचं, एवढं पुरलं. जिमी विंकफिल्डनं १९०१ आणि १९०२ ला डर्बी जिंकली. त्यानंतर आजवर कुणाही कृष्णवर्णीय अमेरिकी जॉकीनं ती जिंकलेली नाही. १९२१ नंतर तर थेट २००० सालापर्यंत डर्बीत एकही कृष्णवर्णीय अमेरिकी जॉकी उतरला नाही.

आकड्यांचा घोळ

मर्फीच्या मते त्याचे विजय ६२८, शर्यती १,४१२. म्हणजे शंभरात ४४. छापील नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांना सापडतात ५३० विजय आणि १,५३८ शर्यती. म्हणजे शंभरात ३४. सुरुवातीच्या काळातल्या लहान मैदानांवरच्या शर्यतींची नोंद धड नव्हती, हे खरं. तरीही त्याच्या हिशेबात शर्यती कमी आणि विजय जास्त आहेत, तेव्हा मी ३४ चाच आकडा धरतो. तो धरून मर्फी लहान होत नाही. आर्चरचं प्रमाणही नेमकं ३४. आज शंभरात २०-२५ जिंकणारा जॉकी पहिल्या फळीतला मानला जातो.

१९५५ ला सारातोगाच्या राष्ट्रीय रेसिंग संग्रहालयानं आपल्या मानकऱ्यांची पहिली यादी केली, तीत मर्फीचं नाव होतं. तेव्हा त्याची कबर कुठे आहे हे मात्र जवळपास कुणाला ठाऊक नव्हतं. लेक्सिंग्टनच्या कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीत त्याला पुरलं होतं. लाकडी खूण कुजून गेली. १९०९ ला मित्रांनी सिमेंटची खूण लावली, तीही झाडोऱ्यात हरवली. फ्रँक बॉरीज या पत्रकारानं तीन वर्षं शोध घेऊन ती साठच्या दशकात शोधून काढली. १९६७ ला मर्फीचे अवशेष उकरून मॅन ओ' वॉर या विख्यात घोड्याच्या थडग्याजवळ नेले, आणि पुढे दोघांनाही केंटकी हॉर्स पार्कमध्ये हलवलं. आज तिथे येणारे पर्यटक त्याच्या दगडापाशी थांबतात.

त्याची बायको ल्युसी त्याच्यामागे चौदा वर्षं जगली आणि हलाखीत गेली. तिला त्याच जुन्या दफनभूमीत पुरलं होतं, नावाच्या दगडाशिवाय. त्याला हलवलं तेव्हा तिला कुणी हलवलं नाही.